चौदा नंबरचा भाग

पेटंट मंजूर झालं आणि स्कूटर भिंतीत घुसली. याच क्रमाने, आणि दोन्हींच्या मध्ये एक शिंक बसेल एवढाच वेळ गेला.

आता वरचं वाक्य कोणीही वाचलेलं नाही. निकाल लागायच्या आधी निकालाबद्दल बोलायला आमच्या ऑफिसात सक्त मनाई आहे, आणि ही गोष्ट सुरू होते तेव्हा निकाल लागलेला नाही. म्हणजे मंजुरी नाही, भिंत नाही, आणि गाडीवर कोण बसलं होतं तेही मला माहीत नाही. मी आपला टेबलाशी बसलोय, पंखा कुरकुरतोय, आणि शिपायाने नुकतीच एक फाईल माझ्यासमोर आपटलीय.

फाईलवर लिहिलं होतं : ‘एका हाताने चालवायच्या स्कूटरची वळण-यंत्रणा’.

मी पेटंट परीक्षक आहे. कोणाचं म्हणणं असेल की मी नवीन काहीतरी शोधलंय, तर ते खरंच नवीन आहे का, एवढं मी बघतो. लोकांना वाटतं, आमच्याकडे यंत्रं येतात आणि आम्ही ती चालवून पाहतो. छे. आमच्याकडे कागद येतो. माझ्या शेजारी बसते तिला सगळे बॅटरीवाली म्हणतात, कारण बॅटऱ्यांच्या सगळ्या फायली तिच्याकडे जातात. पण घड्याळातला सेल बदलायला ती अजून नवऱ्याला हाक मारते. माझ्याकडे दुचाक्या आहेत. आणि मला दुचाकीची भीती वाटते. चालवायची वाटते, मागे बसायची वाटते, शेजारून जायचीही वाटते. स्टँडवर गुपचूप उभी असलेली तर सगळ्यात जास्त, कारण ती कशाची वाट बघतेय ते कळत नाही.

“उभ्या सायकलवरून पडणारा मुलगा तू,” आई म्हणते. “आणि तुला स्कूटरी तपासायला बसवलंय. कोणाचं डोकं फिरलं म्हणायचं?”

“आई, तिथे नुसता कागद असतो.”

“कागदाने बोट कापतं.”

तर फाईल. अर्जदार एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले गृहस्थ. ‘शोधाची पार्श्वभूमी’ असा एक रकाना असतो, त्यात लोक जगातल्या झाडून सगळ्या जुन्या यंत्रांची निंदा करतात. यांनी लिहिलं होतं : ‘माझी पत्नी घरोघरी जाऊन गणिताच्या शिकवण्या घेते. आजारपणानंतर तिचा उजवा हात उचलत नाही. डावा चांगला आहे. बसने गेल्यास उशीर होतो व मुले पळून जातात. म्हणून ही यंत्रणा.’

यंत्रणा सोपी होती. हँडलच्या जागी मधोमध एक उभी दांडी, डाव्या हातात धरायची. जिकडे कलवाल तिकडे चाक वळणार, मागे ओढली की ब्रेक. मी जुनी पेटंटं उपसली, परदेशातली उपसली. असलं काही कोणी केलेलं नव्हतं. नवीन होतं. मंजूर करून मोकळं व्हायला हवं होतं.

पण आमच्याकडे पहिल्याच फटक्यात कोणी काही मंजूर करत नाही. पहिल्या पत्रात एकही हरकत नसली की मोठे साहेब म्हणतात, “फाईल उघडलीच नाहीस वाटतं?” म्हणून हरकत शोधावी लागते. दिवसभर आकृतीकडे बघत बसलो आणि चार वाजता, चहाच्या तोंडावर, मला ती सापडली.

आकृतीतल्या प्रत्येक भागाला नंबर असतो आणि प्रत्येक नंबराचं नाव वर्णनात यावं लागतं. एक म्हणजे चाक, दोन म्हणजे चाक धरणारा चिमटा, असं करत तेरा म्हणजे दांडी, पंधरा म्हणजे स्प्रिंग. दांडी जिथे खोबणीत बसते तिथे तीळभर ठिपका होता, ठिपक्यापासून एक रेघ, रेघेच्या टोकाला १४. वर्णनात चौदा कुठेच नव्हता.

मी लिहिलं : ‘आकृतीमधील १४ या क्रमांकाचे स्पष्टीकरण वर्णनात आढळत नाही. तरी ते द्यावे, अथवा सदर क्रमांक आकृतीतून वगळावा.’ हे वाक्य आमच्याकडे तयारच असतं. मी ते छत्रीवाल्याला पाठवलंय, दाढीच्या मशिनवाल्याला पाठवलंय. लोक खोडरबर घेतात, नंबर खोडतात, विषय संपतो. त्या दिवशी मी चहासोबत दोन बिस्किटंही खाल्ली.

उत्तर आलं. आकृती अगदी स्वच्छ, ठिपका गायब. खाली सुवाच्य अक्षरात एक ओळ : ‘आपल्या आज्ञेप्रमाणे १४ प्रथम स्कूटरवरून काढला व नंतर आकृतीतून काढला.’

मी ती ओळ परत वाचली.

“काय रे? तोंड का उतरलं?” बॅटरीवालीने विचारलं.

“एका माणसाने माझं पत्र वाचून स्कूटरचा भाग काढून टाकलाय.”

“कुठला भाग?”

“चौदा.”

“चौदा म्हणजे काय?”

“तेच कोणाला माहीत नाही. माहीत नाही म्हणून तर हरकत घेतली.”

“शोभेचा असेल काहीतरी.”

“शोभेची वस्तू कोणी दांडीच्या बुडाशी लावतं का, जिथे दिसतही नाही?”

तिने तोंडातली पेन्सिल बाहेर काढली. “त्याच दांडीवर ब्रेक आहे?”

“हो.”

“मग तू साहेबांकडे जा,” ती म्हणाली आणि स्वतःची खुर्ची माझ्यापासून हातभर लांब सरकवली. “माझं नाव मात्र घेऊ नकोस.”

मोठे साहेब सही करता करता ऐकतात. ऐकता ऐकता सही करतात असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

“नवीन आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे, साहेब, पण त्या बाई रोज ती गाडी—”

“आधी कोणी केलंय?”

“नाही, साहेब. असं करायचं धाडस कोणीच—”

“मग अडचण काय? यंत्र चालतं का, पडतं का, मारतं का, हे आपल्याकडे येत नाही. त्याला दुसरं खातं आहे.”

“मी त्यांना फोन करू?”

“अर्जदाराला खासगीत फोन? नोकरीचा कंटाळा आलाय का तुला?”

“मग पत्र लिहितो, की चौदा परत लावा.”

“एकदा वगळलेलं परत घालता येत नाही,” साहेब कनवाळूपणे म्हणाले. “नंतर घातलं की तो नवीन मजकूर होतो. नवीन मजकुराला नवीन अर्ज लागतो.”

“नवीन अर्जाला किती वेळ लागेल?”

साहेब कपाटाकडे बघून हसले. त्या कपाटात रांगेतले अर्ज असतात. सगळ्यात वरचा अर्ज करणारा माणूस केव्हाच वारला. आता त्याचा नातू चौकशीला येतो आणि त्याचेही केस पिकायला लागलेत.

तसंही मला पत्र लिहायची धास्तीच बसली होती. समजा मी लिहिलं की ‘आकृतीत चिमटा जरा जाड दिसतो’, तर हा माणूस कानस घेऊन बसेल. माझ्या वाक्यांना कोणीतरी पान्याने आवळत होतं. उरला एकच मार्ग : सुनावणी. अर्जदाराला समोर बसवून विचारता येतं. साहेबांनी परवानगी दिली, आणि आमच्या पद्धतीने तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.

तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. रस्त्यात प्रत्येक स्कूटरच्या मधोमध दांडी आहे का बघायचो. दिसली नाही की वाटायचं, का बरं दिसत नाही? अँब्युलन्सचा आवाज आला की मनात चौदा असा आकडा उमटायचा. जेवण जाईना.

“काय होतंय तुला?” आईने विचारलं.

“आई, एक बाई आहेत.”

“अगं बाई!” आईचा चेहरा एकदम उजळला. ती पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली. “काय करते?”

“गणित शिकवतात.”

“चांगलं आहे की! वय काय?”

“काकूच्या वयाच्या असतील. आणि माझ्यामुळे मरतील.”

आईने भाजीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, “भाजी तरी खा.”

सुनावणीच्या खोलीला एक मोठी खिडकी आहे. समोरचा रस्ता टेकाडावरून सरळ खाली उतरतो तो थेट आमच्या फाटकात. फाटकातून आत आलं की लगेच वळायचं, कारण समोर भिंत आहे. भिंतीवर लिहिलंय : ‘येथे वाहने लावू नयेत’. मी आधी ही खिडकी कधी नीट पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली.

अर्जदार वेळेआधीच हजर. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, चेहऱ्यावर परीक्षेला आलेल्या मुलाची अदब. त्यांना पाहून तोंडातून ‘काका’च निघालं.

“काका, तुम्ही कसे आलात?”

“बसने.”

“आणि स्कूटर?” मला जरा धीर आला. “स्कूटर घरीच ना?”

“नाही हो. ही घेऊन येतेय ना! शिकवणी आटोपली की थेट इकडे. म्हटलं, साहेबांना दाखवायला बरी.”

मी खिडकीकडे बघितलं. उतार रिकामा होता.

“काका, मी आकृतीतून नंबर वगळा म्हटलं होतं. फक्त आकृतीतून.”

“समजलं होतं मला. अगदी स्पष्ट लिहिलं होतं तुम्ही.”

“मग स्कूटरवरून का काढलात?”

ते चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. “साहेब, अर्जाच्या खाली मी सही केलीय, की आकृती माझ्या यंत्राप्रमाणे आहे. आकृतीत चौदा नाही आणि गाडीला चौदा आहे, मग सही खोटी नाही का झाली? आयुष्यात कधी खोटी सही केली नाही मी. हजेरीसुद्धा दुसऱ्याची लावली नाही.”

“मग वर्णनात दोन शब्द टाकायचे होते. चौदा म्हणजे अमुक तमुक!”

“तेच तर जमेना. काय लिहू? मलाच आठवेना तो कशासाठी घातला होता.” त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून उलगडला. आत एक पिन होती, करंगळीच्या पेराएवढी, एका टोकाला चपटी. “हा बघा. काढल्याचा पुरावा म्हणून आणलाय.”

इतक्या दिवसांनी चौदा माझ्यासमोर टेबलावर पडला होता. हात लावायचं धाडस होईना.

“आठवा ना काका. काहीतरी कारण असेलच.”

“होतं तर! गाडी नवीन होती तेव्हा एकदा काहीतरी भयंकर झालं होतं. म्हणून हा घातला.”

“काय झालं होतं?”

“तेच आठवत नाही. हा घातल्यावर परत कधी झालंच नाही, मग आठवणार कसं?”

“काकूंना फोन लावा. म्हणावं, जिथे असाल तिथे उतरा.”

“ती गाडीवर असताना फोन उचलत नाही. फार शिस्तीची आहे.”

“लावा तरी!”

त्यांनी लावला. पिशवीत वाजला. “अरे,” काका म्हणाले, “तिचाच मी आणलाय वाटतं.”

तेवढ्यात टेकाडाच्या माथ्यावर एक स्कूटर दिसली. हँडल नव्हतं. मधोमध एक दांडी, दांडीवर एक हात. दुसरा हात मांडीवर ठेवलेला, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा. उताराची सुरुवात होती, गाडी अगदी सावकाश होती. मी खिडकी उघडायला गेलो. ती मागच्या रंगकामात रंगाने चिकटून बसलेली होती. मी काचेवर हात आपटले. ओरडलो. शेजारच्या खोलीतून कोणीतरी “शांतता राखा” म्हणून ओरडलं.

दार उघडलं आणि मोठे साहेब आत आले. हातात शिक्का.

“झालं का रे? मला मीटिंगला जायचंय.”

“साहेब, थांबा, त्या बाई—”

“आकृतीत चौदा आहे?”

“नाही, पण—”

“वर्णनात आहे?”

“नाही, साहेब, पण गाडीवर—”

“मग हरकत उरली कुठे?” साहेबांनी फाईल पुढ्यात ओढली आणि शिक्का मारला. आमचे शिक्के जुने, वजनदार आहेत. खट्‌ असा आवाज झाला, खोबणीतून लोखंड सुटावं तसा.

“आठवलं!” काका उभे राहिले. “हाच आवाज! उतारावर ब्रेक जोरात ओढला की दांडी उपटून हातात येते!”

खाली काकू फाटकाशी पोचल्या होत्या. भिंत समोर दिसत होती. त्यांनी दांडी मागे ओढली.

मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते. दांडी निघाली. त्यांचा हात दांडीसकट वर गेला, जणू वर्गात कोणाला उत्तर येत होतं. पुढचं त्या वाक्यात आहे जे कोणी वाचलेलं नाही.

जिना मी कसा उतरलो ते आठवत नाही. बॅटरीवाली पुढे होती एवढं आठवतं. स्कूटर ‘येथे वाहने लावू नयेत’च्या बरोबर खाली, भिंतीला नाक लावून पडलेली, चाक फिरत असलेलं. काकू कुंपणाच्या झुडपात बसलेल्या होत्या. केसात पाला. गुडघा सोलवटला होता. डाव्या हातात दांडी, मूठ गच्च आवळलेली.

“अगं, लागलं का? बोल ना!” काका गुडघ्यांवर बसले.

काकू मुठीकडे बघत होत्या.

“हात सोड. दांडी सोड बघू.”

मूठ सुटेना. आम्ही चार-पाच जण त्या मुठीकडे बघत उभे होतो. उजवा हात मांडीवर निवांत पडला होता. त्याला काही घेणंदेणं नव्हतं. जे काही होतं ते या डाव्या हातात होतं : खडू, भाजीची पिशवी, दाराची कडी, रोजची घरं. आणि मी ते सगळं एका ठिपक्यापायी पणाला लावलं होतं.

मग अंगठा हलला. त्यामागून तर्जनी. त्या एकेक बोट उघडत गेल्या, प्रत्येकाकडे क्षणभर बघून, उत्तरपत्रिका तपासावी तसं. करंगळी सुटली तशी दांडी झुडपात पडली. त्यांनी पंजा उघडला, मिटला, परत उघडला.

“सगळी चालतात,” त्या म्हणाल्या आणि मान वर करून आमच्यावर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. कसं ओळखलं कोण जाणे. “तो चौदावाला तू का रे?”

“हो काकू.”

“जरा नीट जेवत जा. हाडं दिसतात.”

मला रडूच कोसळलं. काकांनी मला तो रुमाल दिला, पिनसकट.

“पुरे आता,” मी डोळे पुसत म्हणालो. “काका, ही आत्ताच्या आत्ता परत लावा. माझ्यासमोर.”

काकांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे मोठे साहेब उभे होते, मीटिंगला न जाता. “साहेब, आता कसं लावू? मंजूर झालंय ना. मंजुरीत चौदा नाही.”

“पण तुम्हाला आठवलंय आता! तुम्ही डोळ्यांनी बघितलंत!”

“बघितलं ना. पण कागद खोटा पाडू कसा? चिमटा सरळ करतो, दांडी परत बसवतो. सोमवारी हिची शिकवणी आहे.”

मी काकूंकडे वळलो. “तुम्ही तरी सांगा. तुम्ही गुपचूप लावा ही पिन.”

“मी रात्री लावायची आणि हा सकाळी गाडी पुसताना काढणार,” काकू पाला झटकत म्हणाल्या. “या माणसाबरोबर इतकी वर्षं काढलीत मी. ह्याला सांगून उपयोग नाही. ह्याला कागदावरच दाखवावं लागतं. तू आण कागद.”

“आणि तोवर गाडीवर बसू नका ना!”

“आणि पोरांच्या परीक्षा?” त्या उठल्या. काकांनी उजवा हात धरला आणि दोघं मिळून चाक सरळ आहे का ते बघायला लागले.

पिन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ड्रॉवर उघडला की ती आपोआप पुढे घरंगळत येते. बॅटरीवाली म्हणते, कुलूप लाव. मी खिडकीतून उताराकडे बघतो आणि अर्ज लिहितो. हा तो अर्ज.

प्रति, माननीय मोठे साहेब, यांच्या सेवेशी. विषय : चौदा.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर पेटंट विनाहरकत मंजूर झाले असून त्यात बदल करण्याची तरतूद नाही, याची अर्जदार काकांस व खाली सही करणाऱ्यास पूर्ण जाणीव आहे. सबब नम्र विनंती की, क्रमांक १४ बाबतची हरकत ती घेतली जाण्याच्या आदल्या दिवशीच मागे घेण्यात आली होती असे मानण्यात यावे. सदर पिन माझ्या ड्रॉवरमध्ये नसून दांडीच्या बुडाशी आहे व पहिल्यापासून तिथेच होती असे जाहीर करण्यात यावे. आणि याबाबतचा आदेश निघेपर्यंत, विशेषतः येत्या सोमवारी शिकवणी सुटण्याच्या सुमारास, कार्यालयासमोरील उतार सपाट ठेवण्यात यावा.